टेबलावरचें कणीस

गेल्या नोव्हेंबरांत आमच्या पुतणीनें न्यूजर्सीहून एक छायाचित्र पाठविलें. ती आणि तिचे यजमान तिकडे स्थायिक होऊन वीस वर्षें होत आलीं. मुलींचा जन्महि तिकडचाच. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं अमेरिकेंत थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे आभारप्रदर्शनाचा, सण असतो. त्या दिवशीं तिच्या घरीं दहाबारा माणसें जेवावयास यावयाचीं होतीं, आणि टेबल मांडून झाल्यावर, परंतु पाहुणे येण्यापूर्वीं, तिनें तें चित्र घेतलें होतें. पांढऱ्याशुभ्र कापडावर मधोमध वेताची एक टोपली. तींत दोन लहान भोपळे आणि मॅपलचीं तांबडीं-पिवळीं पानें. दोहों बाजूंस मेणबत्त्या, आणि टोपलीच्या तोंडाशीं मक्याचीं तीन कणसें. दाणे निळे, जांभळे, कांहीं तर डाळिंबाच्या रंगाचे. भोंवतीं झेंडूची माळ होती. ती अर्थात् पुतणीची स्वतःची भर. खालीं तिनें लिहिलें होतें, "काका, कणसें खायचीं नाहींत बरं का, नुसतीं शोभेचीं आहेत!"

हें शेवटचें वाक्य आमच्या मनांतून जाईना. ज्या टेबलावर माणसें जेवावयास बसतात त्याच्या ऐन मध्यावर धान्य ठेवावें आणि तें खावयाचें मात्र नाहीं, ही रीत तशी विचित्रच. इतिहास शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांना एक खोड जडते. कोणतीहि वस्तु पाहिली कीं ती येथें आली कशी आणि तिला आणलें कोणी, हें विचारल्यावांचून त्यांना राहवत नाहीं. येथें तर प्रश्न दोन होते. टेबलाचा मध्य शोभेसाठीं मोकळा कसा झाला, हा एक; आणि मोकळ्या झालेल्या त्या जागीं मक्याचें कणीस कां आलें, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर युरोपांत सांपडतें, दुसऱ्याचें अमेरिकेंत.

आमच्याकडील पंगतीला मध्य नाहीं, हें येथें सांगून टाकिलेलें बरें. समोरासमोर दोन रांगा, आणि मधल्या वाटेनें वाढपी फिरावयाचे. प्रत्येकाचें पान हेंच त्याचें टेबल. रांगोळीची महिरप असते ती त्या पानाभोंवतीं, समया आणि उदबत्त्या असतात त्याहि कडेला. आणि जेवणें आटोपून उष्टीं काढलीं कीं ती रांगोळी फडक्याखालीं जाते. वर्षानुवर्षें जपून ठेवावी अशी पंगतीची शोभा नव्हेच.

युरोपांतील टेबलाची गोष्ट निराळी. तेथें सारे जण एकाच फळीभोंवतीं बसावयाचे. तेव्हां मध्य हा सर्वांच्या नजरेसमोरचा आणि म्हणूनच मानाचा. मध्ययुगांत थोर सरदारांच्या टेबलावर सोन्यारुप्याचें गलबत ठेवीत. त्यांत मीठ, मसाले, किंवा धन्याचीं जेवणाचीं उपकरणें असत. इटलींत साखरेच्या मूर्ती आणि मंदिरें घडवून मांडीत. पुढें 1710 मध्यें जर्मनींत माइसेन येथें चिनी मातीचा कारखाना निघाला आणि त्या शतकांत साखरेच्या मूर्तींची जागा चिनी मातीच्या बाहुल्यांनीं घेतली. परंतु हा थाट राजेरजवाड्यांचा. साध्या सुखवस्तु घरांत टेबलाचा मध्य पदार्थांनींच भरलेला असे. एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम मांडावयाचे, उजव्या बाजूस जसें भांडें तसेंच डाव्या बाजूस, एका टोंकाला सूप तर दुसऱ्या टोंकाला मासा. यजमानानें स्वतः मांस कापावयाचें आणि पाहुण्यांनीं एकमेकांस वाढावयाचें, अशी ती रीत होती. तिला फ्रेंच पद्धति म्हणत. तींत अन्न हीच शोभा. बरेंचसें अन्न निवून जाई, हा भाग वेगळा.

सुमारें 1810 मध्यें पॅरिसमधील रशियन वकील प्रिन्स कुराकिन ह्यानें आपल्या देशची पद्धति तेथें सुरू केली, असें सांगतात. तींत पदार्थ टेबलावर येतच नाहींत. नोकर ते बाजूच्या मेजावर कापून, एकामागून एक, प्रत्येकाच्या पुढें नेतात. ही चाल इंग्लंडांत रुळावयास पुढचीं पन्नास-साठ वर्षें लागलीं; पण ती रुळली आणि टेबलाचा मध्य एकाएकीं ओस पडला. एवढी मोठी पांढरी जागा उघडी ठेवणें बरें दिसेना. मग तेथें फुलें आलीं, फळांच्या उतरंडी आल्या, पानांच्या वेली आल्या. 1861 मध्यें लंडनच्या उद्यान-मंडळाच्या प्रदर्शनांत टेबलावरील फळाफुलांच्या मांडणीसाठीं बक्षिसें लाविलीं होतीं. त्यांतलें पहिलें मार्च नांवाच्या गृहस्थानें मिळविलें. त्याची युक्ति साधीच होती. खालीं एक पसरट तबक, वर दुसरें, आणि मधें कांचेची बारीक दांडी. म्हणजे फुलें भरपूर दिसावीं, परंतु समोर बसलेल्या माणसाचा चेहरा झांकला जाऊं नये. सार्वजनिक समारंभांत टेबलावरच्या पुष्पगुच्छाआडून वक्त्यांशीं बोलण्याचा ज्यांना प्रसंग आला असेल ते ह्या मार्चसाहेबांचे उपकार मानतील.

त्याच 1861 सालीं मिसेस बीटन ह्यांचा गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध ग्रंथ पुस्तकरूपानें निघाला. त्यांत ह्या बाई रशियन पद्धतीचें वर्णन करतात आणि लागलीच बजावितात कीं, लहान घरांना ही चाल परवडणारी नाहीं. कापावयास आणि वाढावयास माणसें पुष्कळ लागतात आणि ताटें-चमचेहि अधिक लागतात. ही सूचना आम्हांस मोठी मार्मिक वाटते. मध्य मोकळा झाला तो आपोआप नव्हे; जें काम पूर्वीं टेबलावर होत असे तें नजरेआड गेलें आणि दुसऱ्या कोणाच्या हातांवर पडलें. त्या हातांनीं रिकाम्या केलेल्या जागेंत फुलें बसलीं. शरदांत तीं बहुधा शेवंतीचीं असत. चीनमधून शेवंतीचीं रोपें 1789 मध्यें फ्रान्सांत मार्सेय बंदरीं उतरलीं, आणि इतर फुलें संपल्यावर फुलणारें फूल म्हणून तिकडील थंड देशांत तिचा भाव चढला.

येथें ऋतूंच्या नांवांचा थोडा घोळ आहे. ज्याला इंग्रज ऑटम म्हणतो तो पंचांगाप्रमाणें आपला शरद्-हेमंत. परंतु पानें झडण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर तो आपल्या शिशिरासारखा. आपल्या शरदांत आकाश निवळतें आणि पाणी नितळतें. तिकडे झाडें पेटल्यासारखीं तांबडीं होतात आणि मग उघडीं पडतात. अमेरिकेंतील स्त्रियांना गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत तीं पानें दाबून, त्यांवर मेण किंवा रोगण चढवून ठेवण्याचा मोठा छंद होता. तेव्हां पुतणीच्या टोपलींतील मॅपलच्या पानांचा उलगडा सहज झाला. राहिलें कणीस.

अमेरिकन आभारदिनाच्या टेबलाचें एक फार तपशीलवार वर्णन सारा जोसेफा हेल ह्या लेखिकेच्या 'नॉर्थवुड' ह्या 1827 मधील कादंबरींत आहे. ही बाई न्यू हॅम्पशायरची. चौतिशींत विधवा झालेली, पांच मुलांची आई, आणि पुढें चाळीस वर्षें स्त्रियांच्या एका नामांकित मासिकाची संपादिका. तिच्या कादंबरींतील टेबलावर अग्रभागीं भाजलेला टर्की पक्षी आहे, बाजूंना बदकें आणि मांसाचे निरनिराळे भाग आहेत, आणि मध्यभागीं काय, तर कोंबडीच्या मांसाची एक भलीमोठी पाय! फूल नाहीं, पान नाहीं, शोभेचें कणीस नाहीं. सगळें खावयाचें. त्या काळच्या घरांत शोभेची म्हणून वस्तु असलीच तर ती सेलरीची जुडी; तिच्यासाठीं खास कांचेचीं उंच पात्रें करीत, कारण सेलरी महाग होती आणि ती सर्वांना दिसावी ही यजमानीणबाईंची इच्छा असे.

ह्याच बाईनें 1846 पासून सतरा वर्षें एकच ध्यास घेतला. निरनिराळ्या संस्थानांत निरनिराळ्या दिवशीं होणारा हा सण सर्व राष्ट्रानें एका दिवशीं पाळावा, म्हणून तिनें मासिकांतून अग्रलेख लिहिले, राज्यपालांना पत्रें लिहिलीं, एकामागून एक अध्यक्षांना विनविलें. शेवटीं यादवी युद्ध ऐन भरांत असतांना 3 ऑक्टोबर 1863 रोजीं लिंकननें नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. (1939 मध्यें रूझवेल्टनें नाताळची खरेदी लांबावी म्हणून तो आठवडाभर अलीकडे ओढला, तेव्हां निम्मा देश एका गुरुवारीं जेवला आणि निम्मा दुसऱ्या, 1941 मध्यें कायद्यानें चौथा गुरुवार ठरवून तो तंटा मिटविला.) युद्धानें दुभंगलेलें राष्ट्र एका टेबलाशीं बसवावयाचें, तर त्या टेबलाला एक मूळकथाहि हवी होती. ती तयार झालेली होतीच. 1841 मध्यें बोस्टनचे एक धर्मोपदेशक अलेक्झांडर यंग ह्यांनीं जुनीं कागदपत्रें छापतांना 1621 मधील एका पत्राखालीं टीप दिली कीं, हाच पहिला आभारदिन. एका तळटीपेनें एवढें मोठें काम केल्याचीं उदाहरणें इतिहासांत थोडीं असतील.

तें मूळ पत्र एडवर्ड विन्स्लो ह्याचें, 11 डिसेंबर 1621 चें. आभारदिन हा शब्द त्यांत नाहीं. सुगी हातीं आल्यावर राज्यपालानें चौघांना पांखरें मारावयास धाडलें. मग वांपानोआग लोकांचा मुख्य मॅसासॉइट नव्वद माणसें घेऊन आला. त्यांनीं पांच हरणें मारून आणलीं. आणि तीन दिवस खाणेंपिणें चाललें. एवढीच हकीकत. इंग्रज त्या वेळीं जेमतेम पन्नास उरले होते. आदल्या वर्षीं मेफ्लॉवर गलबतांतून आलेल्या 102 जणांपैकीं निम्मे पहिल्याच हिवाळ्यांत दगावले होते. म्हणजे त्या जेवणांत यजमानांहून पाहुणेच अधिक; किंबहुना जमीन कोणाची हें लक्षांत घेतलें तर यजमान कोण आणि पाहुणे कोण हाच प्रश्न आहे. टेबलाचा, त्यावरील कापडाचा, मांडणीचा उल्लेख मुळींच नाहीं. मात्र एक तपशील विन्स्लो आवर्जून देतो: वीस एकर मका पेरला तो चांगला आला, सहा एकरांत जव आणि वाटाणा पेरला, त्यांपैकीं वाटाणा अगदींच फसला. म्हणजे इंग्लंडहून आणलेल्या बियाण्यावर त्यांचें भागलें नसतें. तीं माणसें जगलीं तीं मक्यावर.

आणि तो मका त्यांना मिळाला कसा? नोव्हेंबर 1620 मध्यें केप कॉडच्या किनाऱ्यावर हिंडतांना त्यांना वाळूंत पुरून ठेविलेल्या टोपल्या सांपडल्या. त्यांत वांपानोआग लोकांनीं बेगमीचीं कणसें ठेविलीं होतीं. तीं त्यांनीं उचलून नेलीं. पुढें त्यांची भरपाई केली, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु पुढच्या वसंतांतील पेरणीचें बीं ह्याच कणसांचें, आणि तें मिळालें नसतें तर आपण उपाशीं मेलों असतों असें त्यांच्या पुढाऱ्यानेंच लिहून ठेविलें आहे. पेरावें कसें हें शिकविलें टिस्क्वांटम नांवाच्या माणसानें. ह्याची कथा वाचतांना आम्हांस दर वेळीं थांबावें लागतें. 1614 मध्यें एका इंग्रज कप्तानानें त्याला फसवून धरून नेलें आणि स्पेनमध्यें मालागा येथें गुलाम म्हणून विकण्याचा घाट घातला. तेथून सुटून तो लंडनास पोंचला आणि 1619 मध्यें मायदेशीं परतला. पाहतो तों त्याचें पटक्सेट गांव साथीच्या रोगानें ओस पडलेलें, एकहि माणूस उरलेला नाहीं. त्याच ओसाड गांवाच्या जागीं पुढच्या वर्षीं इंग्रजांनीं आपलें प्लिमथ वसविलें. आपल्या मेलेल्या गांवाच्या शेतांत उभें राहून, परक्यांना, मक्याच्या आळ्यांत मासळी कशी पुरावी हें त्यानें दाखविलें. 1622 मध्यें तोहि मरण पावला.

मॅसासॉइट जिवंत होता तोंवर तह टिकला. त्याचा मुलगा मेटाकॉम ह्याच्या वेळीं, 1675 मध्यें, जमिनीवरून युद्ध पेटलें. 1676 च्या ऑगस्टांत मेटाकॉम मारला गेला. 17 ऑगस्ट रोजीं प्लिमथमध्यें आभारप्रदर्शनाचा दिवस पाळला जात होता. त्याच दिवशीं त्याचें कापलेलें शिर तेथें येऊन पोंचलें. तें खांबावर लाविलें आणि वीस वर्षांहून अधिक काळ तसेंच ठेविलें. ज्याच्या बापानें पांच हरणें आणलीं त्याचें हें शिर, आणि गांवहि तेंच. ज्यांनीं 1621 च्या जेवणाला सणाचें मूळ ठरविलें, त्यांनीं 1676 चा हा आभारदिन मात्र मोजला नाहीं.

शोभेच्या कणसाचें स्थान आम्हांस येथें कळतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियन पद्धतीनें अमेरिकन टेबलाचा मध्यहि मोकळा केला. कोंबडीची पाय बाजूच्या मेजावर गेली. आणि त्या जागेवर सुगीचीं चिन्हें म्हणून भोपळा आणि रंगीत कणीस येऊन बसलीं. तिकडे ह्या रंगीत मक्याला अजूनहि 'इंडियन' मका म्हणतात. देणारा टेबलावरून उठून गेला. त्याच्या नांवाचें धान्य मात्र टोपलींत राहिलें, आणि तेंहि न खाण्यासाठीं. जेनी ब्राउन्सकूम ह्या चित्रकर्त्रीनें 1914 मध्यें 'प्लिमथ येथील पहिला आभारदिन' रंगविला. त्यांत पांढरें कापड अंथरलेलें लांब टेबल आहे, आणि वांपानोआगांच्या डोक्यांवर हजारों मैल दूरच्या मैदानी जमातींचे पिसांचे मुकुट आहेत. पुढें 1943 मध्यें नॉर्मन रॉकवेलनें काढलेलें आजीबाईंचें आणि टर्कीचें चित्र तर जगप्रसिद्ध झालें. त्यांत कापड आहे, फळें आहेत, सेलरी आहे, हंसरे चेहरे आहेत. तें टेबल एका कुटुंबाचें आहे, आणि तेथें परका असा कोणी नाहीं. चित्र सुंदर आहे, ह्यांत वाद नाहीं.

1970 मध्यें इंग्रजांच्या आगमनास साडेतीनशें वर्षें झालीं तेव्हां एका मेजवानींत भाषण करण्यास फ्रँक जेम्स ह्या वांपानोआग गृहस्थास बोलाविलें होतें. भाषण आधीं वाचावयास मागितलें गेलें आणि तें वाचून नाकारण्यांत आलें, कारण त्यांत पुरलेल्या मक्याची गोष्ट होती. तेव्हां आभारदिनाच्या दिवशीं ते आणि त्यांचे सोबती प्लिमथच्या टेकडीवर, मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशीं जमले आणि त्यांनीं तो दिवस शोकदिन म्हणून पाळला. तेव्हांपासून दर वर्षीं ते लोक तेथें जमतात. म्हणजे वांपानोआग नाहींसे झाले, ही समजूतहि शोभेचीच. मॅशपी येथील त्यांच्या शाखेला अमेरिकन सरकारनें 2007 मध्यें अधिकृत मान्यता दिली.

इतकें सारें आम्हीं पुतणीला लांबलचक पत्रानें कळविलें. झेंडू तेवढा आपला, असें तिला वाटत होतें. तिची तीहि समजूत आम्हांला मोडावी लागली. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पोर्तुगीजांच्या काळांत इकडे आलेला. मका आणि तांबडा भोपळा हेहि त्याच वाटेनें आले. मेक्सिकोंत नोव्हेंबरच्या आरंभीं पितरांसाठीं वेदी मांडतात, तीवर हींच फुलें वाहतात. दसऱ्याला दाराला तोरण बांधतांना आपल्यापैकीं कोणाला हें आठवतें?

पत्र धाडल्यावर आम्हांला आमचें कोंकणांतील घर आठवलें. आश्विनी पौर्णिमेला, नवान्नाच्या दिवशीं, भाताच्या लोंब्या, नाचणीचें कणीस, आंब्याचें पान आणि झेंडूचें फूल एकत्र गुंफून दारावर बांधीत; त्याला 'नवें' म्हणत. तें वर्षभर तेथें वाळत राही. आम्ही मुलें खालून उड्या मारून लोंब्यांना हात लावूं पाहत असूं. 1949 च्या कायद्यानें खोती गेली तोंवर आमचे आजोबा खोत होते. आजी सांगे कीं, पूर्वीं नव्याच्या लोंब्या कुळांच्या घरून येत, आणि त्या आणणारा ओटीच्या खालींच उभा राही. कोणतें कूळ, असें आम्हीं एकदां विचारलें होतें. तिला नांव आठवलें नाहीं. लोंब्या मात्र कशा भरदार असत, तें ती हातानें दाखवी.

पुतणीचें उत्तर परवांच आलें. कणसें ती दर वर्षीं कागदांत गुंडाळून तळघरांत ठेवीत असे; ह्या खेपेस उघडून पाहिलें तों दोन कणसांचे दाणे उंदरांनीं साफ केलेले. तिसऱ्याचे मूठभर उरले, ते धाकटीनें मागच्या अंगणांत पेरले आहेत, आणि आळ्यांत मासळी पुरावयास आई परवानगी देत नाहीं, म्हणून ती आमच्यावर रुसली आहे.